पोराचा भाव कोण ठरवतो?

हिंगोली-वसमतकडं मातीवर कबड्डी खेळणाऱ्या चांगल्या पोराबद्दल पूर्वी एकच प्रश्न असायचा: याला नोकरी लागंल का? रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, महिंद्रा यांचे संघ होते. कॉलेजातून विद्यापीठाच्या संघात जायचं, तिथून जमलं तर खेळाडूंच्या कोट्यात. पारख पगारापाशी थांबायची.

मे 2014 मध्ये प्रो कबड्डीचा पहिला लिलाव झाला. राकेश कुमारला पाटणा पायरेट्सनं 12 लाख 80 हजारांना घेतलं. तेव्हा तोच सर्वात मोठा आकडा. (आज हसू येईल.)

मला मात्र सिद्धार्थ देसाईचा आकडा जास्त बोलका वाटतो. कोल्हापूर जिल्ह्यातला हा चढाईपटू 2018 मध्ये यू मुम्बाला 36 लाख 40 हजारांत मिळाला. त्या मोसमात त्यानं चढाईत 218 गुण घेतले, आणि पुढच्याच लिलावात तेलुगू टायटन्सनं 1 कोटी 45 लाख मोजले. खेळ तर आधीही त्याच्या अंगात होताच. आता तो टीव्हीवर दिसला होता.

आमच्याकडची अडचण इथंच आहे. मातीवर अनवाणी, चवडे रोवून वळणारा पोरगा निवड चाचणीला पहिल्यांदाच बूट घालून मॅटवर उतरतो. पाय अडखळतो. निवडणारे वहीत लिहितात: संथ.