दोरी, साप आणि वाघीण



कीर्तनातला तो दाखला आठवतो ना? अंधारात दोरी पडलेली असते, माणसाला वाटतो साप. दिवा आणला की साप नाहीसा होतो. मग बुवा विचारतात, डोळ्यांना दिसतं ते तरी खरं कशावरून? प्रश्न पोथीतला वाटतो, पण २०१६ ते २०१८ या काळात पांढरकवडा-राळेगाव भागातल्या आम्हा बायांना तो वावरातच भेटला.

त्या वाघिणीला वन विभाग टी-१ म्हणे, शहरातले प्राणिप्रेमी अवनी म्हणत. आमच्यासाठी ती नुसती वाघीण. १३ माणसांचे मृत्यू तिच्या नावावर धरले गेले. आमच्यापैकी बहुतेकींनी तिला कधी पाहिलं नाही, मोबाइलवर फोटो पाहिला तेवढाच. तरी पऱ्हाटी हलली की वाघीण, धुऱ्यावर कुत्रं दिसलं की वाघीण. बहुतेकदा ती दोरीच निघे. पण सरपण थांबलं, वेचणीला एकटी कुणी जाईना, रोजी बुडाली. साप खोटा असला तरी बुडालेली रोजी खरी होती. आणि एखाद्या दिवशी दोरी खरंच साप निघे, वावरात गेलेलं माणूस घरी येत नसे.

वेदान्त सत्याच्या तीन पायऱ्या सांगतो: भासापुरतं खरं, व्यवहारापुरतं खरं आणि अखेरचं खरं. अखेरचं संतांना ठाऊक. आमचं जगणं मधल्या पायरीवरचं.

सप्टेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वन विभागाच्या आदेशात हात घालायला नकार दिला. आदेश असा, की आधी बेशुद्ध करून पकडा, न जमल्यास गोळी घाला. तिला भुलवायला परदेशी अत्तराचा बेतही झाला. म्हणजे वाघिणीपुढेही भासच मांडायचा होता! २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात ती गोळीने मेली. गावांत सुटकेचा श्वास, शहरांत शोक आणि निषेध.

२०२१ मध्ये ‘शेरनी’ सिनेमा आला. त्यातली गोष्ट पुष्कळशी अशीच. तो पाहून डोळ्यांत पाणी आलं तर तेही खोटं नाही. पण सिनेमा संपला की बघणारा उठून जातो. आम्हाला सकाळी त्याच वावरात जायचं असतं.

म्हणून आम्ही ठरवलंय. मोबाइलवर वाघाचा फोटो आला, की पुढे पाठवण्याआधी विचारायचं: कुठला, कधीचा, पाहिला कुणी? पावलांचे ठसे दिसले तर वनरक्षकाला दाखवायचे. आणि खात्री होईपर्यंत वावरात चौघी मिळून जायचं. दिवा आणेपर्यंत दोरीला साप समजण्यात कमीपणा नाही.