कुलाबा ते रायगड : दुचाकीवरचा प्रवास

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने मला "बँकेतल्या आठवणी लिहा" असे सुचवले होते. आता बँकेच्या आठवणी म्हणजे शेवटी कर्जाच्याच, आणि माझ्या टेबलावरून गेलेल्या कर्जांत दुचाकीची कर्जे भरपूर. शिवाय आपल्या सोसायटीतली रविवारची मोटारसायकल मंडळी ही माझी जुनी सोबत. म्हणून आपल्या किनाऱ्यावर दुचाकी कशी आली आणि तिने इथे काय बदलले, तेच चार शब्दांत लिहितो.

१९६९ साली चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि त्यानंतर गावोगाव शाखा उघडू लागल्या. त्याच लाटेत मी नोकरीला लागलो. तेव्हा आपल्या जिल्ह्याचे नाव कुलाबा होते, १९८१ साली ते रायगड झाले. या जिल्ह्याची गंमत अशी की मुंबई समोर दिसते, पण रस्त्याने जायचे तर कार्लेखिंड, पोयनाड, वडखळ, पेण असा सगळा वळसा. दक्षिणेला जावे तर खाड्या आडव्या : रेवदंड्याची, राजपुरीची, बाणकोटची. साळावचा पूल होण्याआधी मुरूडच्या बाजूला जायचे म्हणजे तरीत बसायचे, नाहीतर रोह्याकडून लांबून जायचे. एस.टी. हेच सगळ्यांचे घड्याळ होते. शेवटची गाडी गेली की गावचा दिवस संपला. रात्री कुणाला कळ आली, बाळंतीण अडली, तर बैलगाडी किंवा होडी. मोटारसायकल गावात एखादीच, ती डॉक्टरांची नाहीतर ठेकेदाराची.

त्या काळात गाड्याही मोजक्याच. बुलेट १९५५ पासून मद्रासला बनू लागली. तिचा गियर उजव्या पायाला आणि ब्रेक डाव्या पायाला, त्यामुळे दुसऱ्या गाडीवरून आलेला माणूस हमखास गोंधळायचा. जावा म्हैसूरच्या कारखान्यातली. तो कारखाना उभारण्यात मुंबईच्या रुस्तम इराणी यांचा पुढाकार होता. पुढे तीच गाडी येझदी नावाने विकली जाऊ लागली. तिची किक आणि गियर हा एकच दांडा : आत दाबून वर फिरवला की किक, परत खाली आणला की गियर. तरुण मुलांना याचे केवढे अप्रूप! राजदूत मात्र दुधवाल्याची, मासळीवाल्याची. रस्ता कसाही असो, कॅन लावा नाहीतर टोपल्या बांधा, ती चालायची. १९७३ च्या 'बॉबी' चित्रपटानंतर राजदूतच्या छोट्या मॉडेललाही लोक 'बॉबी'च म्हणू लागले. या टू-स्ट्रोक गाड्यांना पेट्रोलात ऑइल मिसळावे लागे. प्रमाण चुकले की एकतर मागे निळा धूर, नाहीतर इंजिन जाम.

स्कूटरची कथा वेगळी. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजची स्कूटर बनत होती, १९७२ साली चेतक आली, पण पैसे खिशात असूनही गाडी मिळत नसे. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबायचे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला लवकर मिळे, म्हणून आखातात नोकरीला असलेला भाचा किंवा मेहुणा एकदम सगळ्यांचा लाडका व्हायचा. त्याच १९७२ मध्ये पुण्याच्या फिरोदियांची लुना आली. तिच्यावर हसणारे खूप होते. पण शिक्षिका, परिचारिका आणि पोस्टमन यांना पहिल्यांदा स्वतःचे वाहन मिळाले ते लुनामुळेच, हे विसरून चालणार नाही.

खरा बदल झाला १९८४-८५ मध्ये. सरकारने परदेशी कंपन्यांशी सहकार्याला परवानगी दिली आणि शंभर सी.सी.च्या जपानी वळणाच्या गाड्या पाठोपाठ आल्या : इंड-सुझुकी, यामाहा आर.एक्स. १००, कावासाकी बजाज आणि हिरो होंडाची सी.डी. १००. यातली हिरो होंडा फोर-स्ट्रोक होती. पेट्रोलात ऑइल घालायची कटकट नाही आणि लिटरमागे पळणार दुप्पट. बँकेत येणारा गिऱ्हाईक मला स्वतःच हिशोब मांडून दाखवायचा : "साहेब, पेट्रोलात जे वाचेल त्यात निम्मा हप्ता सुटतो." हिशोब अगदी चोख असायचा असे नाही, पण त्यामागची ऊर्मी खरी होती.

इथे मला आमच्या धंद्यातली एक गोष्ट नोंदवायची आहे, कारण ती कुठल्या पुस्तकात सापडणार नाही. हप्त्याचा छापील तक्ता बारा महिन्यांचा आणि बारा सारख्या रकमांचा असे. आपल्या किनाऱ्याचे वर्ष मात्र तसे नाही. कोळ्याची होडी पावसाळ्यात शाकारून ठेवलेली, ती पुन्हा पाण्यात जाणार नारळी पौर्णिमेनंतर. वाडीवाल्याकडे पैसा येणार सुपारी विकली गेल्यावर. जून-जुलैचा हप्ता थकला की कागदावर तो माणूस थकबाकीदार. म्हणून आम्ही शाखेत बसून समजावायचो : "दादा, हंगामात दोन-दोन हप्ते आगाऊ भरा, पावसाळ्यात डोक्याला ताप नको." ज्यांना हे पटले त्यांची कर्जे वेळेत फिटली, आर.सी. बुकवरचा बँकेचा बोजा उतरला. ज्यांना हे कुणी सांगितलेच नाही अशांच्या गाड्या ओढून नेलेल्याही मी पाहिल्या आहेत. कर्ज बुडवायची त्यांची नियत नव्हती, महिना चुकीचा होता इतकेच.

दुचाकीने काय दिले ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. चौल-नागावची मुले अलिबागला कॉलेज करून संध्याकाळी वाडीला पाणी लावायला घरी परतू लागली. थळचा खत कारखाना आल्यावर रात्रपाळीचा कामगार एस.टी.वर अवलंबून राहिला नाही. बंदरावरची मासळी ताजी असतानाच आतल्या गावांत पोचू लागली. पण तिने घेतलेही काही कमी नाही. घरोघरी गाडी आली तशी एस.टी.ला रेटून मागणी करणारी मंडळी कमी झाली, आणि ज्यांना गाडी चालवता येत नाही ती म्हातारी माणसे थांब्यावर बसून राहिली. त्याहून वाईट म्हणजे अपघात. प्रत्येक गावात असे एक तरी घर आहे जिथे तरुण मुलाच्या फोटोला हार आहे. हेल्मेटची सक्ती १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात आहे. ती पाळली मात्र जाते समोर पोलीस दिसेपर्यंतच.

आपली सोसायटी उभी राहिली तेव्हा चारचाकी दोघा-तिघांकडेच होती. दुचाकी मात्र बहुतेक प्रत्येकाकडे. थोड्याच काळात, २००१ साली, पल्सर आली आणि आपल्याच मुलांनी जिन्याखाली तिचे वेड लावून घेतले. रविवारी सकाळी गाड्या धुणे हा सोसायटीचा सोहळाच होता. खाऱ्या हवेत गाडी टिकवायची म्हणजे रोजची लढाई. सायलेन्सर आतून कुजतो, स्पोक गंजतात, नटबोल्ट एकजीव होतात. पावसाळ्याआधी चेसीला खालून जुने ऑइल फासायचे, समुद्रावर जाऊन आले की लगेच गोड्या पाण्याने धुवायचे, गाडी वाळूत घालायचीच नाही, हे नियम कुणी लिहून दिले नव्हते, एकमेकांचे पाहून आले. कुणाची क्लच वायर तुटली तर शेजारच्याच्या डिकीत जास्तीची असायचीच. मग कधी रेवदंडा, कोर्लई, काशीदवरून मुरूड, कधी आगरदांड्याहून जेट्टीने गाड्या पलीकडे दिघीला नेऊन श्रीवर्धन-हरिहरेश्वर. आमच्या मंडळींचे दोन नियम : मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट, आणि सर्वांत हळू चालवणारा सगळ्यांच्या पुढे. आजवर सगळे जण घरी परत आलो, याचे श्रेय मी या दोन नियमांना देतो.

३ जून २०२० हा दिवस कुणीच विसरणार नाही. लॉकडाऊन चालू असतानाच निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आदळले. माड-पोफळी आडव्या, विजेचे खांब आडवे, फोन बंद. रस्त्यावर झाडे पडलेली, त्यामुळे मोटारी जागच्या जागी. त्या आठवड्यात आपल्या मुलांनी दोघा-तिघांनी मिळून मोटारसायकली खोडांवरून उचलून पलीकडे नेल्या, कुणाची इन्सुलिन आणली, कुणाच्या मुरूडच्या आई-वडिलांची खुशाली आणली. नातेवाइकांची पहिली बातमी आपल्यापैकी अनेकांना मिळाली ती दुचाकीवरूनच.

आता काळ पुन्हा बदलतो आहे. २०२० पासून भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट येते, मुंबईच्या मोटारी तासाभरात इकडे उतरतात. चेतक परत आली आहे, पण विजेवर. आपल्या आवारातही चारचाकींची गर्दी झाली आहे, आणि दुचाकीची शेड काढून तिथे मोटारींची जागा करावी असा विषय येत्या वार्षिक सभेपुढे आहे. मला मोटारवाल्यांची अडचण कळते, माझा मुलगाही त्यांच्यातलाच. पण मतदानाआधी एकदा सकाळी सात ते दहा या वेळात त्या शेडकडे पाहावे. दूधवाला, पेपरवाला, धुणीभांड्याला येणाऱ्या ताई, आजींना इंजेक्शन द्यायला येणारी नर्स, वायरमन यांच्या गाड्या तिथे लागतात. शेड गेली तर त्या गेटबाहेर, वळणावर उभ्या राहतील, आणि तिथला रस्ता कसा आहे हे आपण जाणतो. माझी सूचना साधी आहे : शेड आहे तिथेच ठेवावी, तिला दोन चार्जिंगचे पॉइंट द्यावेत, आणि मागच्या भिंतीलगतची मोकळी जागा मोटारींसाठी आखावी. आकडेमोड करून नकाशा मी कार्यालयात दिला आहे. सभासदांनी तो सभेआधी जरूर पाहावा.