पाणबुडीचा नेम व फरशीवरील खेळ

उडत्या पांखरावर नेम धरणारा शिकारी पांखराकडे बाण सोडीत नाहीं; क्षणानंतर पांखरूं जेथें पोंचेल त्या रिकाम्या जागेकडे सोडतो. पाणबुडीच्या कप्तानास टॉर्पेडो सोडतांना हीच विद्या लागते. 'सायलेंट हंटर'सारखे संगणकावरील खेळ खेळणारे तरुण ती आज करमणूक म्हणून शिकतात. परंतु दुसऱ्या महायुद्धांत असाच एक खेळ लिव्हरपूल येथें खेळला जात असे, आणि त्यांतील हारजितीशीं हजारों खलाशांचे प्राण निगडित होते.

ह्या नेमाचें गणित त्रिकोणाचें आहे. जहाजाचा वेग, त्याची दिशा व टॉर्पेडोचा वेग एवढें कळलें म्हणजे नेम किती अंश पुढें धरावयाचा तें निघतें. ताशीं ८ सागरी मैल वेगानें समोरून आडव्या जाणाऱ्या जहाजावर ताशीं ३० मैलांचा टॉर्पेडो सोडावयाचा, तर तो सुमारें साडेपंधरा अंश पुढें रोखावा लागतो. नवल हें कीं, ह्या हिशेबांत अंतराला स्थानच नाहीं. मात्र अंदाज चुकला कीं अंतर आपला वांटा वसूल करतें. वेगाच्या अंदाजांत २ मैलांची चूक झाली, तर ३,००० मीटरांवरून सोडलेला टॉर्पेडो सुमारें २०० मीटर बाजूला जातो. ६०० मीटरांवरून सोडलेला सुमारें ४० मीटरच चुकतो, आणि सव्वाशें मीटर लांबीच्या जहाजाच्या मध्यावर रोखलेला असल्यास त्याला लागतोच. ज्याला हमखास नेम हवा त्यानें जवळ गेलें पाहिजे, असें हें गणितच सांगतें.

ही साधी गोष्ट युद्धाच्या धांदलीत कित्येक ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या ध्यानांत आली नव्हती. जर्मन पाणबुड्या काफिल्याच्या बाहेर राहून दुरून मारा करतात अशी त्यांची समजूत होती, व त्यामुळें संरक्षक नौका बाहेरच्या अंगासच शोध घेत. जानेवारी १९४२ मध्यें डर्बी हाऊस येथें कॅप्टन गिल्बर्ट रॉबर्ट्स ह्यांजकडे ह्या प्रश्नाचा अभ्यास सोंपविण्यांत आला. क्षयामुळें १९३८ सालीं त्यांना नौदल सोडावें लागलें होतें. हाताखालीं मुख्यतः नौदलाच्या महिलादलांतील तरुण मुली. त्यांनीं फरशीवर चौकटी आंखल्या आणि खडूनें जहाजांचे मार्ग काढले. खेळणारे अधिकारी कापडी पडद्यांच्या लहान भोंकांतून पाहत, म्हणजे प्रत्यक्ष नौकेवरून दिसलें असतें तेवढेंच त्यांना दिसे. पाणबुडीचा मार्ग हिरव्या खडूचा असे. तो पडद्याआडून दिसत नसे.

जुन्या लढायांच्या नोंदी ह्या फरशीवर मांडतांना रॉबर्ट्स ह्यांना आढळलें कीं, बुडालेलीं जहाजें कित्येकदां काफिल्याच्या आंतील रांगांतलीं होतीं. मग मारेकरी बाहेर कसा असेल? पाणबुडी रात्रीं, पाण्याच्या पृष्ठभागावरून, मागील बाजूनें काफिल्यांत शिरते, जवळून मारा करते आणि बुडी मारून काफिला पुढें निघून जाण्याची वाट पाहते, असा निष्कर्ष निघाला. तेव्हां संरक्षक नौकांनीं मागें वळून तोच भाग पिंजून काढावा, असा डाव रचला गेला. थट्टेनें त्याचें नांव 'रास्पबेरी' पडलें. साठीला टेकलेले अ‍ॅडमिरल मॅक्स हॉर्टन हे स्वतः पाणबुडीचे नामांकित कप्तान. १९१४ सालीं जर्मनांची 'हेला' ही युद्धनौका त्यांनींच बुडविली होती. ते पाणबुडीची बाजू घेऊन खेळावयास बसले आणि जॅनेट ओकेल नांवाच्या तरुणीनें त्यांना लागोपाठ पांच वेळां बुडविलें, असें सांगतात.

युद्ध संपेपर्यंत सुमारें ५,००० अधिकारी ह्या फरशीवर शिकून गेले. मे १९४३ मध्यें जर्मनीच्या चाळीसहून अधिक पाणबुड्या नष्ट झाल्या व उत्तर अटलांटिकांतून त्यांना माघार घ्यावी लागली. त्याचें श्रेय विमानांना, रडारला व गुप्त संदेश उलगडणाऱ्यांनाही आहे. एकट्या खेळाला तें देणें अन्यायाचें होईल. तरी शत्रू कोठें असावा हें त्याच्याच जागीं उभें राहून पाहण्याची दृष्टि ह्या खेळानें दिली, हें नाकारतां येणार नाहीं.

त्या दृष्टीची किंमतही विसरूं नये. जर्मन पाणबुडीदलांतील सुमारें ४०,००० जणांपैकीं जवळजवळ तीन-चतुर्थांश परत आले नाहींत. खेळ संपल्यावर हिरवी रेघ पुसून टाकतां येत असे. समुद्रावर त्याच रेघेच्या टोंकाला पन्नासएक माणसें असत.