गोगलगाय ठरलेला आप्त
1774 मध्ये पालास या जर्मन निसर्गशास्त्रज्ञाने कॉर्नवॉलहून आलेला, बोटभरही लांब नसलेला, दोन्ही टोकांना निमुळता अ‍ॅम्फिऑक्सस हा प्राणी तपासला आणि त्याची गणना बिनशंखाच्या गोगलगायींत केली. 1834 मध्ये नेपल्सच्या कोस्टाने तोंडाभोवतीचे तंतू कल्ले समजून त्याला माशांजवळ आणले, तर 1836 मध्ये यारेलने पाठीतून जाणारा लवचीक दांडा, म्हणजे पृष्ठरज्जू, ओळखला. खरा उलगडा मात्र रशियन भ्रूणशास्त्रज्ञ कोवालेव्स्कीने केला. खडकांना चिकटून राहणाऱ्या, तोवर मृदुकाय मानल्या गेलेल्या अ‍ॅसिडियनच्या पोहणाऱ्या डिंभातही, म्हणजे अळीसारख्या बाल्यावस्थेतही, त्याला 1866 मध्ये तोच दांडा आढळला आणि दोघांचेही माशांसारख्या कणा असलेल्या प्राण्यांशी नाते उघड झाले. 2006 मधील जनुकीय तुलनेने तर, दिसण्यावर विसंबणाऱ्यांची काहीशी फजिती करीत, माशांचे निकटचे आप्त अ‍ॅम्फिऑक्सस नसून अ‍ॅसिडियनच असल्याचे दाखवले.