इंजिन बदलू नका, बोअर करा!

मंडळी, गेल्या पावसाळ्यात पन्हाळ्याच्या चढाला आमची १९७० ची फियाट ११०० थकली. इंजिन ओरडत होतं, पण गाडी पुढं सरकत नव्हती. मागून निळा धूर. एकानं सल्ला दिला, "दुसरं इंजिन टाक की, कशाला जुन्याचा नाद?"

मी शिवाजी उद्यमनगरात गेलो. म्हाताऱ्या मेस्त्रींनी आवाज ऐकला आणि म्हणाले, "क्लच प्लेट झिजल्या. रिंगाही गेल्यात. पण ब्लॉक चांगलाय, टाकू नकोस."

१०८९ सीसीचं इंजिन, मूळ बोअर ६८ मिलिमीटर. झिजलेले सिलिंडर थोडे मोठे करून त्या मापाचे ओव्हरसाइज पिस्टन आणि नव्या रिंगा बसल्या. क्रँक ग्राइंड करून बेअरिंग बदलली. क्लच प्लेटचे रिव्हेट काढून नवं लायनिंग मारलं, फ्लायव्हील लेथवर साफ केलं. ब्लॉक तोच राहिला.

ही विद्या कोल्हापुरात आली कुठून? पंचगंगेच्या काठानं ऊस वाढला, तशी पाणी उपसायला आणि चरकाला ऑइल इंजिनं आली. सुरुवातीची बरीच परदेशी. बिघडली तर शेतकरी विलायतेकडं भागाची वाट बघत बसणार होय? त्यात दुसऱ्या महायुद्धात परदेशी माल मिळणं मुश्कील झालं. मग इथल्या मेस्त्रींनी जुना भाग समोर ठेवून नवा ओतला. दुरुस्ती करता करता हे गाव इंजिनं बनवायला लागलं. आज शिरोली, गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीतून मोटारींचं कास्टिंग बाहेर जातं, त्याचं मूळ या दुरुस्तीत आहे. बाबूराव पेंटर आणि दामल्यांनी १९१८ च्या सुमारास सिनेमाचा कॅमेरा इथंच घडवला, तोही याच हिकमतीनं.

दसऱ्याला छत्रपतींची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा आपण सगळे माना उंचावून बघतो. तिच्या मूळ कारखान्यानं महायुद्धाच्या सुरुवातीलाच मोटारी बनवणं थांबवलं. अशा गाडीचा भाग दुकानात मिळत नाही, तो हातानंच करावा लागतो.

आता मुद्द्याचं. २०२१ च्या केंद्राच्या नियमानुसार पन्नास वर्षांवरची गाडी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. पण ती मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. म्हणजे दुसरं इंजिन टाकलं असतं तर माझी फियाट त्यातून बाद झाली असती. मेस्त्रींच्या बोअरिंगनं ती वाचली.

पण मेस्त्री सत्तरीचे आहेत. पोरगा सीएनसीवर बसतो, त्यात वाईट काही नाही. मात्र कानानं क्लच ओळखणारा माणूस उद्या कुठून आणायचा? आयटीआयमध्ये वर्षातून महिनाभर या मेस्त्रींना मानधन देऊन शिकवायला बोलवा. लोकप्रतिनिधींनी एवढं तरी करावं. मेबॅक जपायची, तर तिला जपणारा हातही जपायला पाहिजे.

तुमच्या ओळखीत असा मेस्त्री असेल, तर आजच जाऊन त्यांच्याकडून काम समजून घ्या, व्हिडिओ काढून ठेवा.