न मोजलेले दिवस

भोसरीत ‘पाळी’ हा शब्द दिवसातून शंभर वेळा कानावर येतो. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी. १९७० साली पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या चार गावांची मिळून नगरपालिका झाली, तोवर इथल्या शेतांच्या कडेने कारखाने उभे राहू लागले होते. त्याआधी इथल्या माणसाला पाण्याची पाळी माहीत होती. पाटाचं पाणी कोणाच्या वावरात कोणत्या दिवशी, याचा हिशेब. मग कामाची पाळी आली. आणि बाईची पाळी तर पहिल्यापासून होतीच. मराठीने या तिन्हींना एकच शब्द दिला, कारण तिन्हींत मोजणं आहे. आपला नंबर कधी, किती वेळ आणि पुन्हा कधी.

बाईच्या पाळीचे दिवस आपल्या समाजाने फार काटेकोरपणे मोजले. हिंदू घरांत ‘कावळा शिवला’ की चार दिवस बाजूला बसायचं, हे आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलं आहे. आम्हा मुसलमानांच्या फिक्हमध्ये, म्हणजे धर्मशास्त्रात, या दिवसांना ‘हैज’ म्हणतात. हनफी मताप्रमाणे ते कमीत कमी तीन, जास्तीत जास्त दहा. कोकणातले मुसलमान शाफई, त्यांच्याकडे एक ते पंधरा. या दिवसांतली नमाज माफ आहे, ती नंतर भरून काढावी लागत नाही. रोजे मात्र नंतर धरावे लागतात. सोवळं असो की शरियत, सगळा हिशेब रक्त दिसल्यापासून सुरू होतो आणि रक्त थांबलं की संपतो.

पण त्याच्या आधीच्या आठ-दहा दिवसांचं काय? काही बायकांना खरा त्रास तेव्हाच होतो. अंग दुखणं, छाती भरून येणं, चिडचिड हे पुष्कळजणींना थोडंफार होतं. मी त्याबद्दल बोलत नाही. मी बोलते आहे ते अशा अवस्थेबद्दल, की बाईला जगणं नकोसं होतं. घरातल्या प्रत्येकाशी भांडण होतं, आपण कशाच्याच लायकीचे नाही असं वाटतं, आणि पाळी आली की दोन दिवसांत हे सगळं कोणीतरी दिवा लावावा तसं निघून जातं. शंभरातल्या दोन ते पाच-सहा बायकांना असं होतं, असं वैद्यकशास्त्र सांगतं. या दिवसांना मराठीत नाव नव्हतं. नाव नाही म्हणून मोजणी नाही, आणि मोजणी नाही म्हणून औषध नाही. आज मला या मोजणीचा आणि औषधाचा इतिहास सांगायचा आहे.

पूर्वीच्या वैद्यांनी बाईच्या मनाचं दुखणं सरळ गर्भाशयाच्या खात्यावर टाकलं. हिस्टेरिया हा शब्दच गर्भाशयाच्या ग्रीक नावावरून आला. १८७२ साली अमेरिकेत रॉबर्ट बॅटी नावाच्या शस्त्रवैद्याने पाळीच्या त्रासावर इलाज म्हणून एका बाईच्या बीजकोशांवर शस्त्रक्रिया करून ते काढून टाकले. पुढे ही शस्त्रक्रिया त्याच्याच नावाने ओळखली गेली, आणि मनाच्या तक्रारींसाठी निरोगी बीजकोश काढून घेतलेल्या बायकांची संख्या वाढत गेली.

नुसती तारीख पाहावी, हे सुचायला १९३१ साल उजाडलं. त्या वर्षी न्यूयॉर्कचे स्त्रीरोगतज्ज्ञ रॉबर्ट फ्रँक यांनी लिहिलं, की काही बायकांना पाळीच्या आधी सात ते दहा दिवस असह्य ताण येतो आणि पाळी सुरू होताच तो उतरतो. त्याच वर्षी कॅरेन हॉर्नी या मनोविश्लेषक बाईनेही पाळीआधीच्या बिघडलेल्या मनःस्थितीवर लेख लिहिला. पुढे १९५३ साली इंग्लंडमध्ये कॅथरिना डाल्टन आणि रेमंड ग्रीन यांनी या अवस्थेला ‘प्रीमेन्स्ट्रुअल सिंड्रोम’ हे नाव दिलं. डाल्टनबाईंनी आयुष्यभर तारखा गोळा केल्या. शाळकरी मुलींच्या, तुरुंगातल्या बायकांच्या. त्यांनी सुचवलेलं प्रोजेस्टेरॉनचं औषध पुढच्या चाचण्यांत टिकलं नाही, पण तारखा लिहून ठेवण्याची त्यांची रीत टिकली.

आता औषधाकडे वळू. त्याची एक वाट आपल्याच मातीतून जाते. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे वेडावर आणि निद्रानाशावर देत असत. त्याच १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी तिचे रक्तदाबावरचे आणि मनावरचे गुण लिहून ठेवले. त्याच वर्षी सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी तिच्यातून एक द्रव्य वेगळं काढलं आणि हकीम अजमल खान यांच्या आठवणीत त्याचं नाव ‘अजमलिन’ ठेवलं. १९४९ मध्ये मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ब्रिटिश नियतकालिकात लेख लिहून सर्पगंधेचा रक्तदाबावरचा गुण जगाला दाखवला. त्यानंतर तिच्यातलं रिसर्पिन हे द्रव्य जगभर वापरलं गेलं. मग डॉक्टरांच्या लक्षात आलं, की रिसर्पिन घेणारे काही रोगी विलक्षण उदास होतात. १९५५ साली अमेरिकेत दिसून आलं, की रिसर्पिनमुळे शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिता होतो. मनाच्या उदासीचा रसायनाशी संबंध असावा, ही शंका तिथून बळावली.

दुसरी वाट क्षयाच्या दवाखान्यातून आली. १९५२ साली न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात क्षयरोग्यांना इप्रोनियाझिड देऊन पाहिलं, तर खंगलेली माणसं वॉर्डात हसू-नाचू लागली. १९५७ पर्यंत ते उदासीवर वापरात आलं. यकृतावरच्या परिणामांमुळे पुढे ते मागे पडलं, पण गोळीने मन उचललं जाऊ शकतं हे कळून चुकलं. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या एली लिली कंपनीच्या प्रयोगशाळेत फ्लुओक्सेटिन तयार झालं. ते सेरोटोनिनवर काम करणारं होतं. १९८७ च्या अखेरीस तिथल्या सरकारने उदासीवरचं औषध म्हणून त्याला मान्यता दिली.

हेच औषध पाळीआधीच्या त्रासावर चालतं का, हे कॅनडातल्या सात दवाखान्यांनी तपासलं आणि १९९५ साली निकाल छापला. खोट्या गोळीपेक्षा खऱ्या गोळीने स्पष्ट फरक पडला, आणि वीस मिलिग्रॅमचा लहान डोस साठच्या इतकाच कामाला आला. गंमत अशी, की नेहमीच्या उदासीत या गोळीचा गुण यायला काही आठवडे लागतात, इथे मात्र काही दिवसांतच येतो. म्हणून पुष्कळ बायकांना ती महिनाभर घ्यावी लागत नाही. पाळीच्या आधीचे चौदा दिवस घेतली तरी पुरते.

मग हे हार्मोनचं दुखणं की मनाचं? १९९८ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी एक प्रयोग छापला. त्यांनी बायकांच्या बीजकोशांचं काम औषधाने थांबवलं आणि मग हार्मोन बाहेरून दिले. ज्यांना पूर्वी त्रास होता त्यांना तो पुन्हा झाला. ज्यांना नव्हता त्यांना त्याच हार्मोनने काहीच झालं नाही. म्हणजे हार्मोन सगळ्यांचे सारखेच, पण काहींचा मेंदू त्यांना वेगळं उत्तर देतो. यात त्या बाईच्या स्वभावाचा दोष नाही, संस्कारांचाही नाही.

या औषधाच्या इतिहासात बाजारही आहे, तो लपवू नये. २००० साली कंपनीने हेच फ्लुओक्सेटिन गुलाबी-जांभळ्या कॅप्सूलमध्ये घालून ‘साराफेम’ या नव्या नावाने विकायला काढलं. मूळ औषधाचं पेटंट तेव्हा संपत आलं होतं. युरोपने २००३ मध्ये या उपयोगाला मान्यता नाकारली. आजाराच्या नावावरूनही भांडण झालं. १९८७ साली अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या ग्रंथात हा विकार परिशिष्टात गेला तेव्हा अनेक स्त्रीवादी बायकांनी विरोध केला. उद्या मालक म्हणतील, बाईला महिन्यातून आठ दिवस वेड लागतं, तिला जबाबदारीची जागा कशी द्यायची? ही भीती खोटी नव्हती. दुसऱ्या बाजूने, २०१८ साली राजस्थान उच्च न्यायालयाने पाळीआधीच्या विकाराचा बचाव मान्य करून एका स्त्रीला खुनाच्या आरोपातून मुक्त केलं. अखेर २०१३ मध्ये विकाराला त्या ग्रंथात पूर्ण जागा मिळाली, आणि जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ साली स्वीकारलेल्या आपल्या नव्या यादीत त्याची नोंद केली.

हे सगळं मी वाचलं ते स्वतःवर आलं म्हणून. चाळिशी ओलांडली तेव्हा माझे ते दिवस फार वाईट जाऊ लागले. चुलीपाशी उभी असताना हातातलं भांडं भिंतीवर मारावंसं वाटे. शिकवणीला येणारी मुलं समोर असताना रडू फुटे. आपण नसतो तर हे घर सुखी असतं, हा विचार तारीख ठरवून यावा तसा दर महिन्याला येई. सासूने माझ्यासाठी दम केलेलं पाणी आणलं, म्हणाली, ‘‘किसी की नजर लगी है, बेटा.’’ शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘‘बाहेरचं काहीतरी लागलंय, एकदा दाखवून घे.’’ दोघींची माया खरी होती. एका डॉक्टरांनी मात्र थेट सांगितलं, ‘‘मुलं झाली ना? मग पिशवी काढून टाका, कटकटच नको.’’

इथे थोडं थांबते. गर्भाशय काढलं तरी बीजकोश असतील तर हार्मोनचं चक्र चालूच राहतं. रक्त थांबतं, पण आधीचे दिवस थांबतीलच असं नाही. तरीही ‘पिशवी काढा’ हे उत्तर आपल्याकडे किती सहज मिळतं, ते बीड जिल्ह्याने दाखवलं. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीपुढे आलेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड कामगार बायकांपैकी १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांच्या तक्रारी वेगळ्या होत्या. पोटदुखी, अंगावरून जाणं, कर्करोगाची भीती, आणि एक दिवस खाडा झाला तर उचलीतून कापले जाणारे पैसे. पण रीत तीच, बॅटीसाहेबाची. बाईला दुखतंय ना, मग अवयव काढा. तिला विचारायला, तिचे दिवस मोजायला वेळ कोणाला आहे?

मला तो वेळ एका डॉक्टरबाईंनी दिला. त्या म्हणाल्या, ‘‘ताई, आत्ता गोळी नाही देणार. दोन महिने रोज रात्री लिहा. मन बरं असेल तर शून्य, फार वाईट असेल तर तीन.’’ मी कालनिर्णयावर दुधाच्या खाड्यांशेजारी आकडे मांडले. दोन महिन्यांनी कागद बोलू लागला. पाळीआधी नऊ-दहा दिवस तिन्या, मग शून्य. पुढे मनोविकारतज्ज्ञांनी तपासून गोळी लिहून दिली. ‘मनोविकार’ म्हटल्यावर घरात शांतता पसरली. पुण्याकडे हा शब्द आला की येरवडा आठवतो. आमच्या ह्यांनी तो कॅलेंडरचा कागद बराच वेळ पाहिला आणि एवढंच म्हणाले, ‘‘मशीनचा लॉगबुक असाच असतो. बिघाड कुठे ते नोंदीवरूनच कळतं.’’

भीती मला दुसरीच होती. मी कविता लिहिते. आमच्या परंपरेत दर्दाची किंमत मोठी. गोळीने दुःख गेलं आणि कविताही गेली तर? म्हणून मी वहीतल्या तारखा तपासल्या. त्या नऊ-दहा दिवसांत मी एकही कविता पुरी केलेली नव्हती. त्या दिवसांत मी लिहीत नसे, फाडत असे. दुःखातून कविता येते हे खरं असेल, पण हे दुःख त्या जातीचं नव्हतं.

पहिल्या आठवड्यात मळमळ झाली, झोप उडाली. मग ते कमी झालं. त्या महिन्यात पहिल्यांदा पाळी न सांगता आली, म्हणजे आधी घरात वादळ न होता आली. रमजानमध्ये डॉक्टरांना विचारून गोळी सहेरीच्या वेळी घेतली. चिडचिड पूर्ण गेली नाही, ती माणसाचीच आहे. पण आपण नसतो तर, हा विचार गेला. काही वर्षांनी पाळीच थांबली आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने गोळीही थांबली.

ही गोळी प्रत्येकीला चालत नाही. काहींना शरीरसुखाची इच्छा कमी होते, काहींना दुसरं औषध लागतं, आणि ज्यांना अतिउत्साह आणि उदासी आलटून पालटून येते त्यांनी आधी तपासणी करून घ्यायलाच हवी. शेजारणीची गोळी उसनी घेऊ नये, आपली आपण बंद करू नये. सेरोटोनिन कमी पडलं म्हणून उदासी, इतका सोपा हिशेब आज शास्त्रज्ञही मांडत नाहीत. पण दोन महिन्यांची नोंद कोणतीही बाई करू शकते. तिला ना पैसे लागतात, ना कोणाची परवानगी. आणि जगणं नकोसं वाटत असेल तर दोन महिने थांबायचंही नाही. त्याच दिवशी घरात सांगायचं, डॉक्टरकडे जायचं. १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा क्रमांक २०२२ पासून आहे, त्यावर मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

पाटाच्या पाण्याची पाळी चुकली तर गाव भांडतं, कारखान्यातली पाळी चुकली तर पगार कापला जातो. दोन्हींची नोंद ठेवणारा माणूस नेमलेला असतो. बाईच्या त्या दिवसांची नोंद ठेवायला अजून तरी तीच आहे. घरातल्यांनी ती नोंद वाचली, तर अर्धं ओझं तिथेच उतरतं.