हवेचे वाचन

यंत्रांच्या इतिहासाकडे आपले वाङ्मयीन अभ्यासक क्वचितच वळतात. वळले तरी छापखाना, रेल्वे, टंकलेखनयंत्र अशा, लेखनाशी किंवा आधुनिकतेच्या मोठ्या कथनाशी सहज जोडता येणाऱ्या यंत्रांपाशी थांबतात. प्रस्तुत लेखाचा विषय त्या मानाने अगदीच किरकोळ वाटेल. टर्बोचार्जर असलेल्या स्पोर्ट्स कारच्या इंजिनाकडे हवा नेणारी एक नळी असते. कारखान्याने बसवलेली ही नळी काढून तिच्या जागी बाजारातून आणलेली दुसरी बसवण्याची हौस अमेरिका, जपान आणि युरोपात चांगलीच रुळलेली आहे. हौशी मंडळी याला 'इनटेक' बसवणे म्हणतात आणि शक्तीच्या भाषेत त्याविषयी बोलतात. माझ्या मते या नळीचा खरा इतिहास मोजमापाचा, आणि म्हणून वाचनाचा, आहे. इंजिनात किती हवा शिरते हे कोणीतरी, कुठेतरी वाचत असते. ते वाचन कोणी करायचे आणि कोणावर विश्वास ठेवून करायचे, यावरून बरेच काही घडून गेले आहे.

ऑक्टोबर १९९५ मध्ये स्पेनमधील कॅटलोनियाच्या रॅलीत टोयोटाच्या सेलिका जीटी-फोर या गाड्यांची तपासणी झाली. जागतिक रॅली अजिंक्यपदाच्या नियमांनुसार त्या वर्षीपासून टर्बोचार्जरच्या तोंडाशी ३४ मिलिमीटर व्यासाचे एक कडे बसवणे बंधनकारक होते. आधी ते ३८ मिलिमीटरचे असे. चार मिलिमीटरचा फरक ऐकायला क्षुल्लक वाटतो, पण हवा जाते ती क्षेत्रफळातून आणि क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. म्हणजे वाट एक-पंचमांशाने आवळली गेली होती. शिवाय अशा अरुंद जागी हवेचा वेग ध्वनीच्या वेगाला पोहोचला की पलीकडून कितीही ओढले तरी त्याहून अधिक हवा तेथून जात नाही. निसर्गनियमालाच पंच नेमण्याची ही कल्पना मला फार सुंदर वाटते. हजार कलमांची नियमावली जे साधू शकत नाही ते धातूचे एक कडे साधते.

टोयोटाच्या कोलोनमधील संघाने त्या कड्यालाच हात घातला. हवेची रबरी नळी टर्बोवर घट्ट बसावी म्हणून तिच्याभोवती धातूचा क्लॅम्प आवळतात. खास हत्याराने तो आवळला की आतले कडे थाळीच्या आकाराच्या स्प्रिंगांना दाबत सुमारे पाच मिलिमीटर सरके आणि त्याच्या कडेने हवेला चोरवाट मिळे. तपासनीसाने पाहणीसाठी नळी काढायची म्हटले, तर क्लॅम्प सैल करावाच लागे. तो सैल होताच स्प्रिंगा कडे जागच्या जागी आणून ठेवत. तपासण्यासाठी उघडण्याची क्रियाच पुरावा पुसून टाकत असे. नोव्हेंबरच्या आरंभी आंतरराष्ट्रीय महासंघाने संघाचे त्या हंगामातले सर्व गुण काढून घेतले आणि एक वर्षाची बंदी घातली. महासंघाचे तेव्हाचे अध्यक्ष मॅक्स मोझली यांनी निर्णय जाहीर करतानाच त्या करामतीतील बुद्धिमत्तेची उघड वाखाणणीही केली. पुढे हौशी इतिहासलेखनात ही वाखाणणीच जास्त उरली आणि शिक्षा तळटीपेत गेली. मला हे पटत नाही. चालकांना याची माहिती असल्याचा पुरावा महासंघाला मिळाला नव्हता. तरीही युहा कांकुनेन आणि दिदिए ओरिओल यांचे वर्षभराचे गुण त्यांच्या हातून गेले. कौतुक करणाऱ्यांना हे दोघे सहसा आठवत नाहीत.

त्या कड्यापर्यंत इतिहास कसा आला हे समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. इंजिनातून जळून बाहेर पडणाऱ्या वायूंत बरीच ऊर्जा वाया जाते. त्या वायूंनी एक चाक फिरवावे आणि त्याच दांड्यावरील दुसऱ्या चाकाने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरावी, हा टर्बोचार्जरचा गाभा. स्वित्झर्लंडचे अभियंते आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ मध्ये त्याचे पेटंट घेतले. १९१८ मध्ये जनरल इलेक्ट्रिकचे सॅनफर्ड मॉस यांनी कोलोरॅडोतील पाइक्स पीकच्या चौदा हजार फूट उंचीवर एक विमानी इंजिन नेले आणि विरळ हवेमुळे घटलेली त्याची शक्ती टर्बोच्या साह्याने परत मिळवून दाखवली. ही त्या यंत्राची मूळ भूमिका होती. उंचीने हिरावलेली हवा परत देणे, एवढेच काम. जमिनीवरच्या गाडीला निसर्गाने दिलेल्याहून अधिक हवा देणे ही पुढची, आणि नैतिकदृष्ट्या थोडी वेगळी, गोष्ट.

ती १९६२ साली अमेरिकेत घडली. शेव्हरोलेची कॉर्व्हेअर मोंझा स्पायडर आणि ओल्ड्समोबिलची जेटफायर या त्या वर्षीच्या गाड्या. यांतली जेटफायर अधिक बोलकी आहे. साडेतीन लिटरचे तिचे ॲल्युमिनियमचे इंजिन २१५ अश्वशक्ती देई. दाबलेली हवा तापते, आणि तापलेल्या मिश्रणाचा ठिणगीआधीच किंवा तिच्यामागून अवेळी स्फोट होण्याचा धोका असतो. इंजिनातून ठकठक ऐकू येते ती याचीच. जेटफायरच्या अभियंत्यांनी पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण हवेत फवारून हा धोका टाळला. त्यासाठी एक टाकी दिली आणि त्या द्रवाला 'टर्बो-रॉकेट फ्लुइड' असे भपकेदार नाव दिले. अडचण एवढीच होती की टाकी मालकाने वेळोवेळी भरायची होती. पुष्कळांनी ती भरली नाही. टाकी रिती झाली की यंत्रणा स्वतःच हवेचा दाब रोखून धरी, आणि मालक गाडी मंद झाल्याची तक्रार घेऊन येई. दोन वर्षांत दहा हजारांहून कमी गाड्या बनवून कंपनीने तो नाद सोडला. पुढे अनेक गाड्यांचे टर्बो काढून साधे कार्बोरेटर बसवून देण्यात आले. गाडी विकणाऱ्याने मालकाला यंत्राचा सहकारी मानले होते. मालकाला मात्र फक्त चालवायचे होते.

युरोपात १९७३ च्या फ्रँकफर्ट प्रदर्शनात बीएमडब्ल्यूने '२००२ टर्बो' मांडली. तिच्या पुढच्या पट्टीवर नाव उलट्या अक्षरांत लिहिलेले होते. पुढच्या गाडीच्या चालकाने आरशात पाहिले की ते सरळ वाचता यावे आणि त्याने बाजूला व्हावे, हा हेतू. या उद्धटपणावर जर्मनीत टीका झाली आणि त्याच सुमारास तेलसंकट कोसळले. जेमतेम पावणेदोन हजार गाड्या निघाल्या. वाचकाची जागा आधीच ठरवून लिहिलेला इतका नेमका मजकूर वाहनांच्या इतिहासात दुसरा मला माहीत नाही.

जपानने वेगळाच मार्ग काढला. १९८९ पासून २००४ पर्यंत तेथील कंपन्यांनी आपापसांत एक अलिखित करार पाळला. देशांतर्गत गाडीची जाहीर शक्ती २८० अश्वशक्तीहून अधिक सांगायची नाही. 'सांगायची नाही' हे शब्द येथे महत्त्वाचे. कागदावर सारे २८० वर थांबत. इंजिने नेहमीच थांबत असे नाही. तेव्हा कारखान्याने मुद्दाम आवळून ठेवलेली शक्ती मोकळी करणे हा एक व्यवसायच झाला. फुजी पर्वताच्या पायथ्याशी १९७३ मध्ये सुरू झालेली एचकेएस ही कंपनी त्याआधीपासूनच सामान्य गाड्यांसाठी टर्बोचे संच विकत होती. अमेरिकेत १९६९ पासून कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइडची के अँड एन ही कंपनी तेल लावलेल्या सुती जाळीचे, धुऊन पुन्हा वापरता येणारे फिल्टर बनवत होती. घरच्या घरी नळी बदलण्याचा बाजार अशा दुकानांभोवती वाढला.

टोयोटा बाद झाली त्या १९९५ सालचे रॅली अजिंक्यपद कॉलिन मॅकरे या स्कॉटिश चालकाने सुबारू इम्प्रेझात मिळवले. त्या गाडीची रस्त्यावरची बहीण, इम्प्रेझा डब्ल्यूआरएक्स, अमेरिकेत २००१ मध्ये विक्रीस आली. दोन लिटर, २२७ अश्वशक्ती. निळ्या रंगाच्या या गाडीने एका पिढीला गॅरेजमध्ये नेले, आणि बॉनेट उघडल्यावर नवख्याचा हात बहुधा प्रथम हवेच्या नळीकडेच गेला. एक तर ती वरच असते, आणि दुसरे म्हणजे तिला दहा आणि बारा मिलिमीटरचे पाने व एक पेचकस पुरतो.

कृती खरोखर सोपी आहे. बॅटरीची ऋण तार सोडवायची. फिल्टरच्या काळ्या डब्याच्या कड्या उघडायच्या, हवेचा सेन्सर दोन स्क्रू काढून अलगद बाजूला घ्यायचा, मग डबा आणि त्याची तुतारीसारखी प्लास्टिकची नळी बाहेर काढायची. नवी ॲल्युमिनियमची नळी सिलिकॉनच्या जोडाने टर्बोकडे जाणाऱ्या मूळ नळीला जोडायची. तिचे दुसरे टोक चाकाजवळच्या पोकळीत उतरवून त्यावर शंकूच्या आकाराचा फिल्टर चढवायचा. तेथे इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, थंड आणि म्हणून घन हवा मिळते. (पावसाच्या पाण्याने भरलेल्या रस्त्यावर हीच पोकळी पाणी ओढून घेते, आणि पाणी दाबले जात नसल्याने इंजिनाचे दांडे वाकतात.) सेन्सर नव्या नळीत बसवताना त्यावरचा बाण हवेच्या दिशेने आहे ना, हे पाहायचे. शेवटी क्लॅम्प आवळायचे. कोलोनच्या संघाने हत्यार बनवले होते तसलाच हा क्लॅम्प, फक्त त्याच्या आत काही लपलेले नसते.

खरी गुंतागुंत त्या सेन्सरात आहे. त्याच्या आत एक बारीक तार विजेने तापवलेली असते. वाहती हवा तिला थंड करते, आणि तिचे तापमान टिकवण्यासाठी किती वीज लागली यावरून संगणक हवेचे वस्तुमान ठरवतो. पण तार नळीतल्या एकाच बिंदूपाशी असते. उरलेल्या नळीत काय चालले आहे हे ती पाहत नाही. त्याचा अंदाज संगणकाच्या कोष्टकात आधीच लिहून ठेवलेला असतो. मूळ नळीचा व्यास आणि तिच्यातील प्रवाहाचे वळण ही त्या कोष्टकाची गृहीतके. समजा, ६५ मिलिमीटरच्या जागी ७० मिलिमीटरची नळी आली. तेवढीच हवा आता सोळा टक्के मोठ्या वाटेने, सावकाश जाईल. तार म्हणेल, हवा कमी आहे. संगणक इंधन कमी सोडेल, आणि इंजिनावर भार कमी आहे असे समजून ठिणगीही अधिक लवकर टाकेल. संथ चालीत धुरातील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर ही चूक बरीचशी सावरून घेतो. पूर्ण दाबाखाली ती सावरणी अपुरी पडते, आणि जेटफायरच्या अभियंत्यांना ज्याची धास्ती होती तीच ठकठक परत येते. या इंजिनांच्या पिस्टनवरील कड्यांमधली धातूची भिंत अशाने तुटते.

येथे वाचक चुकलेला नसतो, हे लक्षात घेण्यासारखे आहे. त्याच्याखालची संहिता बदलली आणि शब्दकोश जुनाच राहिला. दक्ष उत्पादक म्हणूनच सेन्सर बसतो तेथे मूळ नळीइतकाच व्यास ठेवतात, किंवा कोष्टकच नव्याने लिहून घ्या असे बजावतात. सेन्सर आणि टर्बो यांच्यामधला एखादा जोड सैल राहिला तर तेथून न मोजलेली हवा आत शिरते. उलट, ॲक्सिलरेटर सोडताच कोंडलेली हवा परत नळीत आणणारी झडप असते. तिची जोडणी नव्या नळीला दिली नाही, तर मोजून झालेली हवा बाहेर निघून जाते आणि तिच्यासाठी सोडलेले इंधन मात्र आत येते. धुराड्यातून काळा धूर निघतो तो या हिशोबामुळे.

एवढे करून मिळते काय? टर्बो नसलेल्या इंजिनात नळीतला अडथळा कमी झाला की लाभ सरळ दिसतो. टर्बोच्या गाडीत संगणक ठरलेला दाब राखण्यासाठी टर्बोला आधीच जास्त फिरवत असतो, म्हणून अडथळा हटल्याचा फायदा त्या दाबात झाकला जातो आणि टर्बोची मर्यादा जवळ आल्यावरच पुरता उघड होतो. आवाज मात्र पहिल्याच फेरीत बदलतो. कारखान्याच्या डब्याला जोडलेल्या पोकळ्या रस्त्यावरील ध्वनिमर्यादेसाठी, आत ओढल्या जाणाऱ्या हवेची गर्जना शोषून घेत असतात. त्या निघाल्या की फुत्कार, सुस्कारा, शिट्टी सारे ऐकू येते. बरेच मालक ऐकलेल्या आवाजालाच शक्ती समजतात, आणि त्यांना दोष द्यायला मला जड जाते. इतक्या मिटलेल्या यंत्रात माणसाला वाचता येईल असे तेवढेच उरलेले असते.

कॅलिफोर्नियात हा व्यवहार खासगी राहिलेला नाही. लॉस एंजेलिसच्या धुरक्याचे रसायन उलगडणारे आरी हागेन-स्मिट हे तेथील वायुसंसाधन मंडळाचे पहिले अध्यक्ष. १९६७ मध्ये स्थापन झालेले हे मंडळ बाजारातल्या प्रत्येक इनटेकने प्रदूषण वाढत नाही याची खात्री मागते आणि ती पटल्यावर त्या भागाला एक आदेश-क्रमांक देते. क्रमांकाची चिठ्ठी संचासोबत येते आणि ती बॉनेटखाली दिसेल अशी चिकटवायची असते. बहुतेक गाड्यांना दर दोन वर्षांनी धुराची तपासणी चुकत नाही. निरीक्षक बॉनेट उचलतो, चकचकीत नळी पाहतो आणि चिठ्ठी शोधू लागतो. ती सापडली नाही, तर धूर कितीही स्वच्छ असला तरी गाडी नापास होते, आणि मालकाला माळ्यावर टाकलेला तो काळा डबा परत खाली काढावा लागतो.